सहा वळशांचे कोंदण

एका उंदराच्या प्रतिपिंडातले सहा लहान वळसे आज मुंबईत उपचार घेणाऱ्या माणसांच्या रक्तात फिरत आहेत. या एका वाक्यापाशी आपण जरा रेंगाळूया, कारण ज्या कृतीचा आस्वाद घ्यायचा आहे तिचे सारे सौष्ठव या वळशांपासून उलगडत जाते. प्रतिपिंड म्हणजे शरीराने परक्या वस्तूला पकडण्यासाठी घडवलेले प्रथिन. त्याच्या टोकाशी एका साखळीचे तीन आणि दुसरीचे तीन असे सहा वळसे एकमेकांसमोर येतात, आणि त्यांच्या मधोमध जी खाच तयार होते तिच्यात जगातल्या असंख्य आकारांपैकी एकच आकार नेमका बसतो. ऑस्ट्रेलियातल्या ॲडिलेडजवळच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरमध्ये हेडी झोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींपासून असे एक प्रतिपिंड मिळवले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला नाव पडले एफएमसी-६३. पुढे अमेरिकेत मान्यता मिळालेल्या अनेक कार-टी उपचारांनी, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी नावाच्या मारक प्रतिकारपेशी बदलून त्यांना कर्करोगावर सोडणाऱ्या उपचारांनी, आपले लक्ष्य ओळखण्यासाठी याच उंदराचे हे वळसे उचलले. मुंबईच्या आयआयटीतील राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांच्या साथीने केलेले काम मात्र त्या वळशांना हात न लावता त्यांच्या भोवतीचे सारे बदलून पाहते. अल्का द्विवेदी आणि अथर्व करूळकर ही नावे अग्रभागी असलेला तो शोधनिबंध २०२१ साली ‘मॉलेक्युलर कॅन्सर थेरप्युटिक्स’ या नियतकालिकात आला. आपण तो चवीचवीने वाचूया.

आधी लक्ष्याकडे पाहू. रक्तातल्या बी-पेशी ज्या प्रथिनाचे चिन्ह अंगावर मिरवतात त्याचे नाव सीडी-१९. हे चिन्ह बी-पेशीच्या आयुष्यात फार लवकर उमटते आणि ती प्रतिपिंडे ओतणारी प्रौढ पेशी होईपर्यंत टिकते. बी-पेशीपासून उद्भवलेल्या बहुतेक ल्युकेमियांत आणि लिम्फोमांतही ते असते. पण ज्या मूळपेशींतून सारे रक्त जन्माला येते त्यांच्यावर ते नसते. या निवडीतला समजूतदारपणा मनात मुरू द्यावा असा आहे. रोगी आणि निरोगी बी-पेशींत भेद करणारे चिन्ह हाती नाही, हे संशोधकांनी निमूट मान्य केले आणि दोन्हींवर पाणी सोडण्याची तयारी ठेवली, कारण निरोगी बी-पेशी गेल्या तरी बाहेरून प्रतिपिंडे देऊन माणूस जगवता येतो आणि मूळपेशी शाबूत असल्याने नव्या बी-पेशी पुन्हा उगवू शकतात. काय गमावले तर चालेल, हे आधी ठरवून मगच शस्त्र उचलणारी ही बुद्धी आहे.

आता पुन्हा वळशांकडे. उंदराचे प्रथिन माणसाच्या शरीरात गेले की माणसाची प्रतिकारशक्ती त्याला परके मानू शकते. ज्या पेशींनी कर्करोगाची शिकार करायची त्यांचीच शिकार व्हायची, असा हा पेच. उत्तर म्हणून मुंबईच्या मंडळींनी प्रतिपिंडाचा तो भाग घेतला ज्याच्यावर वळसे पेललेले असतात, म्हणजे त्यांची चौकट, आणि तिच्यातली उंदराची घडण काढून तिथे मानवी प्रतिपिंडांशी मिळतीजुळती घडण आणली. वळसे तेच ठेवले. जुन्या दागिन्यातला हिरा न हलवता त्याचे कोंदण नव्याने करावे, तसे हे काम. आणि हे ज्याने कधी सोनाराकडे बसून पाहिले असेल त्याला ठाऊक असते की कोंदण बदलले की हिराही निराळा दिसतो. इथेही तसेच घडले. संगणकावर नव्या रेणूची सीडी-१९ शी गाठ घालून, रेणूंचे थरथरणे क्षणाक्षणाला मोजत त्यांनी पाहिले तेव्हा मानवी चौकटीतले वळसे लक्ष्याला अधिक घट्ट धरताना दिसले आणि सबंध रचना अधिक लवचीक झालेली दिसली. चौकट बदलण्याचा हेतू होता परकेपणा घालवण्याचा. पदरात पडली ती निराळी पकड. संगणकातला रेणू म्हणजे प्रत्यक्षातला रेणू नव्हे, हे भान सोडायचे नाही, आणि निबंधही ते सोडत नाही: पुढची प्रत्येक पायरी त्या अनुमानाला पेशींच्या आणि प्राण्यांच्या साक्षीला उभे करते.

या वळशांचा तुकडा एकटा काही करू शकत नाही. तो टी-पेशीच्या अंगावर बसवायचा आहे, आणि त्यासाठी चार भागांची एक अखंड साखळी घडवावी लागते. बाहेरच्या टोकाला वळसे. मग सीडी-८ या प्रथिनाचा एक भाग, जो पेशीच्या पातळ आवरणातून आरपार जातो. आत ४-१बीबी नावाचा एक तुकडा, आणि अगदी शेवटी सीडी-३ झीटा, ज्याच्यापासून टी-पेशीला मारण्याची आज्ञा मिळते. ही कल्पना मुळात इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या झेलिग एशहार यांच्या प्रयोगशाळेतली; १९८९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाची ओळख आणि टी-पेशीची कृती एका रेणूत बांधून दाखवली. निसर्गाने या दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या पेशींना वाटून दिल्या होत्या. बी-पेशीने घडवलेले प्रतिपिंड अखंड वस्तू ओळखते, पण स्वतः मारत नाही. टी-पेशी मारते, पण तिला वस्तूचे तुकडे दुसऱ्या रेणूच्या तबकात मांडून दाखवावे लागतात, आणि कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा ते तबकच लपवून ठेवतात. एशहार यांच्या जोडणीने तबकाची गरजच उरली नाही.

पण पहिल्या जोडणीत एक उणीव होती, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत रसाळ भाग त्या उणिवेच्या भरपाईत आहे. केवळ झीटाची आज्ञा मिळालेल्या पेशी एकदा वार करीत आणि थकून जात. निसर्गात टी-पेशीला दुहेरी संमती लागते: एक खूण सांगते की शत्रू समोर आहे, दुसरी सांगते की आता थांबू नकोस, वाढत जा. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात दारिओ काम्पाना यांच्या गटाने २००४ साली ही दुसरी खूण म्हणून ४-१बीबीचा तुकडा त्याच साखळीत गुंफला. दुसऱ्या काही गटांनी तिथे सीडी-२८ वापरले. स्थूलमानाने बोलायचे तर सीडी-२८ जोडलेल्या पेशी झपाट्याने भडकतात आणि लवकर विझतात. ४-१बीबीच्या पेशी सावकाश तापतात आणि दीर्घकाळ टिकतात. मुंबईच्या रचनाकारांनी ४-१बीबी निवडले. निबंधात हे एका ओळीत येऊन जाते, पण आपण ते तसे जाऊ देऊ नये. मानवी चौकट आणि ४-१बीबी या दोन निवडी एकाच स्वभावाच्या आहेत. दोन्हींना घाई नाही, आणि पुढे या कृतीचा जो गुण आपल्याला सर्वांत अधिक भावणार आहे त्याचे बीज इथेच पेरले गेले आहे.

साखळी घडली, ती पेशीत न्यायची कशी? इथे विषाणू येतो. एचआयव्हीच्या कुळातला लेंटिव्हायरस आपली जनुके थेट पेशीच्या गुणसूत्रात शिवून टाकतो. म्हणून तर एड्सचा रोग शरीरातून उपटून काढणे इतके अवघड. हीच वाईट खोड कामाला लावता येईल, हे १९९६ साली लुईजी नाल्दिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. दोनच वर्षांत पुढची, अधिक सुरक्षित पिढी आली. मूळ विषाणूच्या नऊ जनुकांपैकी तिच्यात तीनच वापरली जातात, तीही कण घडवण्यापुरती, वेगवेगळ्या डीएनए-तुकड्यांवर वाटून. प्रत्यक्ष जो कण टी-पेशीकडे जातो त्याच्या पोटात विषाणूचे एकही जनुक नसते, असते ती फक्त संशोधकाने भरलेली साखळी. कणाचे बाहेरचे आवरणही त्याचे स्वतःचे नाही. ते असते गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या एका निराळ्याच विषाणूचे, कारण ते पुष्कळ प्रकारच्या पेशींना सहज चिकटते. हा कण एकदाच शिरू शकतो आणि पुन्हा स्वतःची प्रत काढू शकत नाही. शिरतो, दिलेले जनुक गुणसूत्रात ठेवतो आणि संपून जातो. आणि ती टी-पेशी जेव्हा विभागते तेव्हा तिच्या लेकीनातींना ते जनुक वारशाने मिळत जाते. ज्या विषाणूने टी-पेशींचाच संहार करून लक्षावधी माणसांना नि:शस्त्र केले, त्याच्याच कौशल्याने टी-पेशीला शस्त्र द्यावे, यातला उलटा न्याय मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

पण हा न्याय तितका अनपेक्षित आहे का? माणसाच्या जनुकसंचातला सुमारे आठ टक्के भाग हा पुरातन रेट्रोव्हायरसांच्या अवशेषांचा आहे. आमच्या जबलपुरात बडा शिमला टेकडीवर १८२८ साली विल्यम स्लीमन यांना जे अस्थींचे तुकडे मिळाले ते भारतात सापडलेले डायनोसॉरचे पहिले अवशेष ठरले. ज्या गावाच्या मातीत असे जुने रहिवासी निजलेले आहेत त्या गावच्या माणसाला आपल्याच गुणसूत्रांत विषाणूंचे अवशेष असावेत याचे नवल वाटले तरी भय वाटू नये. त्यांतले काही अवशेष तर अजून कामावर आहेत. आईच्या पोटातली वार ज्या प्रथिनाच्या आधाराने घडते त्या सिन्सिटिनचे जनुक एका प्राचीन विषाणूच्या आवरणाचे आहे. म्हणजे विषाणूने आणलेला मजकूर पेशीने आपलासा करायचा, हा व्यवहार प्रयोगशाळांच्या फार आधीपासून चालत आलेला आहे.

आणि विषाणू, उंदीर व कर्करोग या त्रयीचा अभ्यास मुंबईतही नवा नाही. १९३६ साली जॉन बिटनर यांनी दाखवले की उंदरांच्या काही कुळांतला स्तनांचा कर्करोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो. त्या दुधातला घटक पुढे विषाणू ठरला. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे, यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली याच प्रश्नाला हात घातला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकून त्या परतल्या आणि मुंबईत देशातली त्या विषयाची पहिली प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. उंदरांच्या पिढ्या वाढवत, दूध, संप्रेरके, आनुवंशिकता आणि विषाणू यांचे धागे त्या सोडवत राहिल्या. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या काळी विषाणू हा आरोपी होता. ज्या टाटा मेमोरियल परिवारात त्यांची संस्था पुढे विलीन झाली त्याच परिवारात अर्ध्या शतकानंतर विषाणू सहाय्यक होऊन आला, हा योगायोग मानायला माझे मन तयार नाही. शत्रूची ओळख पटायला दोन-तीन पिढ्यांचा धीर लागतो, आणि तो धीर ज्या परिवारात साठत गेला त्याच परिवारात शत्रूला कामाला लावण्याचे धाडसही सुचते.

आता पिंजऱ्यातल्या त्या लहानग्या जीवाकडे वळूया, ज्याच्या अंगावर या सगळ्याची परीक्षा झाली. माणसाच्या कर्कपेशी साध्या उंदरात टोचल्या तर त्याची प्रतिकारशक्ती त्या नष्ट करील, म्हणून अशा प्रयोगांना प्रतिकारशक्तीच नसलेला उंदीर लागतो. १९६२ साली ग्लासगोच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत केसच नसलेले उंदीर जन्मले. पुढे कळले की त्यांना थायमस ग्रंथीही नाही, म्हणजे टी-पेशी नाहीत. १९८३ साली फिलाडेल्फियात मेल्विन बॉस्मा यांना टी आणि बी दोन्ही प्रकारच्या पेशी नसलेली जात आढळली. त्या जातीवर आणखी संकर आणि जनुकबदल करत २००५ पर्यंत असा उंदीर तयार झाला की ज्याच्या शरीराला माणसाच्या पेशी परक्या वाटेनाशा झाल्या. काहीही नाकारू न शकणारे हे शरीर मला फार हृद्य वाटते. त्याच्या ठायी स्वतःचा बचाव नाही, म्हणूनच आपल्या बचावाची चाचणी त्याच्यात घेता येते, आणि हे ऋण साधे नाही.

मुंबईच्या प्रयोगात अशा उंदरांना दिल्या गेलेल्या कर्कपेशींचे नाव नाम-६. त्या १९७६ साली रोग उलटलेल्या एका एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या रक्तातून मिळवलेल्या. त्या तरुणाचे नाव आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्याच्या रोगाच्या पेशी तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आल्या आहेत, आणि त्याच्यानंतर आलेल्या कित्येकांच्या उपचारांची पहिली कसोटी त्याच पेशींवर लागली. अशा प्रयोगांत कर्कपेशींमध्ये काजव्याचे प्रकाश देणारे जनुक घालण्याची पद्धत आहे. उंदराला एक इंजेक्शन द्यायचे, अंधाऱ्या पेटीत संवेदनशील कॅमेऱ्यापुढे निजवायचे, आणि जिवंत प्राण्याच्या अंगात रोग कुठवर पसरला ते उजेडाच्या ठिपक्यांवरून मोजायचे. एका मुठीएवढ्या शरीरात काय काय एकत्र आले पाहा: ग्लासगो आणि फिलाडेल्फियातून सुरू झालेली उंदरांची परंपरा, कुणा अनोळखी तरुणाचा आजार, विषाणूची शिवणकला, आणि मुंबईत तयार केलेल्या टी-पेशी, ज्यांच्या अंगावर दुसऱ्याच एका उंदराचे सहा वळसे आहेत. उंदराने दिलेले दान उंदराच्याच शरीरात तपासले जाते. निबंधाच्या सारांशात याचा निकाल एका वाक्यात येतो: मानवी चौकटीच्या पेशींनी नाम-६ पेशींचा प्रभावीपणे नायनाट केला. न्यूयॉर्कमध्ये मिशेल सादलां यांच्या गटाने सीडी-१९ वर रोखलेल्या मानवी टी-पेशींनी उंदरांतला रोग हटवता येतो हे २००३ सालीच दाखवले होते, त्यामुळे हे वाक्य जगाला चकित करणारे नव्हते. ते मुंबईत, नव्या रचनेने लिहिले गेले, एवढेच त्याचे मोल, आणि ते थोडे नाही.

या कृतीचा आत्मा मात्र पिंजऱ्यातही नाही. तो एका तुलनेत आहे. एकीकडे उंदराच्या चौकटीच्या टी-पेशी, दुसरीकडे मानवी चौकटीच्या. त्या निरोगी दात्यांच्या रक्तापासून केल्या आणि रोग उलटलेल्या रुग्णांच्या रक्तापासूनही केल्या. त्यांना कर्कपेशींसमोर ठेवले. दोघींनी सारख्याच पेशी मारल्या. पुन्हा पुन्हा सामना घडवला तरी दोघी सारख्याच वाढल्या. पण मारताना मानवी चौकटीच्या पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ-अल्फा ही सायटोकाइने, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडायचे निरोपाचे रेणू, कमी सोडली, आणि त्यांच्या शेजारी असलेल्या मोनोसाइट नावाच्या पेशींनीही इंटरल्युकिन-६ कमी सोडले. वार तितकाच, आरडाओरडा कमी.

याचे महत्त्व कळण्यासाठी २०१२ साल आठवावे लागते. फिलाडेल्फियात ल्युकेमियाच्या शेवटच्या टप्प्यावरल्या एका सहा-सात वर्षांच्या मुलीला कार-टी पेशी दिल्या गेल्या आणि त्या पेशींच्या विजयानेच तिचा जीव जायची वेळ आली. टी-पेशी लक्ष्यावर तुटून पडल्या की सायटोकाइनांचे वादळ उठते. ताप चढतो, रक्तदाब कोसळतो, श्वास यंत्राच्या हवाली करावा लागतो. तिच्या रक्तात इंटरल्युकिन-६ अफाट वाढलेले आढळले. त्या उपचारामागचे संशोधक कार्ल जून यांना ते रोखणारे संधिवाताचे एक औषध ठाऊक होते, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला तो आजार होता. ते दिले, वादळ शमले, मूल वाचले. पुढे २०१८ साली न्यूयॉर्क आणि मिलान इथल्या दोन गटांनी मुद्दाम घडवलेल्या उंदरांत दाखवून दिले की वादळातले इंटरल्युकिन-६ टी-पेशी स्वतः फारसे सोडत नाहीत. त्यांच्या हाकेने भडकलेल्या मोनोसाइट आणि मॅक्रोफेज पेशी ते सोडतात. नेहमीचे प्रतिकारहीन उंदीर ही गोष्ट बहुतेक वेळा दाखवतच नाहीत. त्यांच्यात कर्करोग हटतो, पण माणसात जे वादळ उठणार त्याची चाहूल लागत नाही. म्हणून मुंबईच्या निबंधाने मोनोसाइटांना बशीत शेजारी बसवून विचारले, हे मला या निबंधाचे मर्म वाटते. ज्या साक्षीदाराला जे ठाऊक नाही ते त्याला विचारायचे नाही. उंदराकडून कर्करोग हटल्याची साक्ष घ्यायची आणि संयमाची साक्ष मानवी पेशींकडून.

आणि हा संयम कुणासाठी? निबंधाच्या आरंभीच लिहिले आहे की जीवघेण्या दुष्परिणामांमुळे हा उपचार साधनांची चणचण असलेल्या ठिकाणी वापरणे कठीण होते. या कोरड्या वाक्यात मला आपली माणसे दिसतात. जबलपूरच्या मराठी घरात कर्करोगाचे निदान झाले की पहिला फोन नागपूरच्या नातेवाइकांना जातो, दुसरा मुंबईच्या. ‘परळला, टाटाला नेले आहे’ एवढे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. त्या प्रवासात उपचाराची किंमत जितकी छळते तितकाच अतिदक्षता विभागातला प्रत्येक दिवस छळतो. वादळ सौम्य असले तर त्या खोलीतले दिवस कमी होतात, महाग औषधाच्या मात्रा कमी लागतात, सोबतीला आलेल्या माणसाचे परतीचे तिकीट लवकर काढता येते. रेणूच्या चौकटीत केलेला बदल असा एखाद्या कुटुंबाच्या हिशेबाच्या वहीपर्यंत येऊन पोचतो. अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. मुंबईत याच रचनेतून तयार झालेला नेक्सकार-१९ हा उपचार त्याच्या सुमारे एक दशांश किमतीत, चाळीस लाख रुपयांच्या आसपास मिळू लागला. चाळीस लाख ही रक्कम आजही बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे, हे स्पष्ट म्हटलेच पाहिजे. पण आवाक्यात आणण्याचे प्रयत्न जिथून सुरू करता येतील अशी ती जागा आहे.

पुढचा प्रवास झपाट्याने सांगतो. ४ जून २०२१ रोजी टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात देशातला पहिला कार-टी उपचार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ ला मान्यता मिळाली. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण केले. २०२५ साली ‘द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त ६४ रुग्णांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: ज्यांचे मूल्यमापन करता आले त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना उपचार लागू पडला. उपचाराशी संबंधित दोन मृत्यूही झाले. वादळ सौम्य होते, नाहीसे होत नाही. आणि हे सारे रक्ताच्या, लसिकेच्या कर्करोगांपुरते. फुप्फुस, तोंड, स्तन यांच्या घट्ट गाठी उंदरात आकसवून दाखवणारे प्रयोग पुष्कळ झाले आहेत, पण माणसात त्या गाठींपर्यंत पोचणे, त्यांच्या भोवतालच्या प्रतिकूल वातावरणात टिकणे आणि केवळ त्यांच्यावरच असलेले चिन्ह शोधणे हे तिन्ही अजून कार-टी पेशींना भारी पडते. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या आपल्या मुलखाला त्याच उत्तराची सर्वाधिक प्रतीक्षा आहे.

या निबंधाचा सारांश जेमतेम एका पानात मावतो आणि तो कुणालाही पाहायला खुला आहे. आपल्या जबलपुरात मराठी मंडळे आहेत, वाचनाच्या बैठका होतात, कवितेच्या एका ओळीवर तास तास बोलणारी माणसे आहेत. अशा एखाद्या बैठकीत हे एक पान समोर ठेवावे, वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या मराठी डॉक्टरांना शेजारी बसवावे आणि ते ओळीओळीने वाचावे, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींना त्या दिवशी आवर्जून बोलवा.